आळंदचा घोडेबाजार आणि आमची अदलाबदल

गेल्या हिवाळ्यात हैदराबादहून माझ्या खालाजाद भावाचा फोन आला. त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे २००७ ची दोन दारांची जर्मन कूपे होती. काळा रंग, आत बदामी चामड्याच्या सीटा, सहा सिलिंडरचं इंजिन. नवी असताना तिच्या किमतीत आमच्याकडे घर उभं राहिलं असतं. आता त्यांना ती माझ्या छोट्या गाडीशी सरळ बदलायची होती. वर रुपया द्यायचा नाही, घ्यायचा नाही. त्यांच्या मुलीला कॉलेजला जायला लहान, ऑटोमॅटिक गाडी हवी होती आणि भावानं माझं नाव सुचवलं होतं.

माझी गाडी २०१६ ची लाल हॅचबॅक. टर्बो पेट्रोल, चार दारं, आकारानं लहान पण अंगात दम. तुळजापूरच्या घाटात उसाच्या ट्रॉल्यांना मागे टाकताना तिची खरी मजा कळते. पण तिचं मुख्य काम वेगळं आहे. दर पंधरा दिवसांनी अम्मीला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं आणि संध्याकाळच्या आत परत आणायचं.

तरीही मोह झाला, हे कबूल करतो. अब्बांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या जीपा चालवण्यात घालवलं. मालकाच्या शेजारच्या सीटवर ते कधी बसले नाहीत, कायम स्टेअरिंगमागे. त्यांना एकदा अशा गाडीत शेजारी बसवून नळदुर्गपर्यंत चक्कर मारावी, असं डोळ्यांसमोर येऊ लागलं. शिवाय अदलाबदल म्हणजे बँकेचं कर्ज नाही, त्यामुळे व्याजाचा प्रश्नही नाही. घरात कुणाची हरकत राहिली नसती.

भावाला आठवडाभराची मुदत मागितली. त्याच आठवड्यात उमरग्याला मामूंकडे जाणं झालं आणि तिथून आळंदच्या दर्ग्याला. परतताना डोक्यात गाडी कमी आणि घोडे जास्त होते.

वीस हजार घोड्यांचा बाजार

आळंद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. इंद्रायणीकाठची आळंदी वेगळी, हे आळंद वेगळं. आपल्या उमरग्याहून ते फार लांब नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत उस्मानाबाद आणि गुलबर्गा हे एकाच हैदराबाद राज्याचे जिल्हे होते. त्यामुळे सोयरीक, बाजार आणि उरुस यांनी ही सीमा कधी फारशी मनावर घेतली नाही. आळंदला हजरत शेख अलाउद्दीन अन्सारी, म्हणजे लाडले मशायख यांची दर्गाह आहे. आमच्या भागातली कितीतरी मराठी घरं, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, तिथे नवस फेडायला जातात.

१४७० च्या आसपास अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी बहमनी राज्यात फिरत होता. व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा हा माणूस. इराण आणि होर्मुझमार्गे समुद्रातून तो चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये, म्हणजे हा त्याच्या आधी जवळपास तीस वर्षं. त्याच्या टिपणांत बिदरजवळच्या एका पीराच्या जागी वर्षातून एकदा भरणाऱ्या दहा दिवसांच्या जत्रेचं वर्णन येतं. अभ्यासक ती जागा आळंद म्हणून ओळखतात. तिथे साऱ्या मुलखातून व्यापारी येतात, वीस हजारांपर्यंत घोडे आणतात, आणि हिंदुस्थानातला हा सगळ्यात चांगला बाजार आहे, असं तो नोंदवतो. आकडा मोजून लिहिलेला नसेल, ऐकीव असेल. पण बाजार मोठा होता यात शंका नाही.

इतके घोडे बाहेरून का आणावे लागत? निकितीनला दिसलं की या मुलखात बैल आणि म्हशी पैदा होतात, ओझी त्यांच्यावरच लादतात, पण घोडे मात्र परदेशातून येतात. दाभोळच्या बंदराविषयी तो सांगतो की तिथे मिसर, अरबस्तान, खुरासान आणि तुर्कस्तानचे घोडे उतरतात. इथे घोडे मुळीच होत नव्हते, हे काही खरं नाही. भीमेच्या खोऱ्यातली लहान चणीची तट्टं होतीच. पण दरबारात, मिरवणुकीत आणि जड चिलखती फौजेत मान होता तो समुद्रापलीकडून आलेल्या उंच घोड्याला. आयात माल, मोठं नाव, मोठी किंमत. पाचशे वर्षांत आपण फारसे बदललेलो नाही.

निकितीनचा हिशेब

निकितीन स्वतः असाच एक घोडा विकायला घेऊन आला होता. घोड्यासाठी शंभर रूबल पडले, असं तो लिहितो. जुन्नरला पोहोचल्यावर तिथल्या असद खान या अधिकाऱ्यानं घोडा काढून घेतला. हा माणूस मुसलमान नाही हे कळल्यावर त्यानं अट घातली. धर्म बदललास तर घोडा परत देईन, वर हजार मोहरा देईन. नाही बदललास तर घोडा जाईल आणि हजार मोहरांचा दंड वेगळा. मुदत चार दिवसांची.

मुदत संपत आली तेव्हा खुरासानचा एक महंमद नावाचा प्रतिष्ठित माणूस तिथे आला. निकितीननं त्याच्याकडे रदबदली मागितली. तो खानाकडे गेला, या परक्या माणसावर धर्माची सक्ती होऊ दिली नाही आणि घोडाही सोडवून आणला. एकाच शहरात, एकाच आठवड्यात, एकाच धर्माची ही दोन माणसं. इतिहास वाचताना मला असद खानाची लाज वाटते आणि त्या खुरासानी महंमदचा अभिमान वाटतो. दोघांना सोबत घेऊनच बहमनी काळ समजून घ्यावा लागतो. नुसत्या असद खानावर बोट ठेवणारे आणि नुसत्या महंमदचे गोडवे गाणारे, दोघेही अर्धाच इतिहास सांगतात.

घोडा परत मिळाला, पण निकितीनची कटकट तिथे संपली नाही. पावसाळ्यानं त्याला जुन्नरमध्ये अडकवून ठेवलं. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, असं तो सांगतो. इथल्या घोड्यांचा खुराक पाहून तो चकित झालेला दिसतो. हरभरा, शिवाय साखर आणि तूप-तेल घालून शिजवलेली खिचडी! माणसांना दुर्मीळ असं जेवण घोड्याला रोज. शेवटी बिदरला त्यानं घोडा विकला. त्या ठिकाणी तो जो हिशेब देतो, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. घोडा वर्षभर पोसला आणि त्याच्यावर अडुसष्ट फुतून खर्च झाले, अशी नोंद तो करतो. फुतून म्हणजे त्या वेळचं एक चलनी नाणं.

घोड्याची किंमत एकदाच मोजावी लागते, खिचडी रोज शिजवावी लागते. निकितीनला हे जुन्नरच्या पावसात उमगलं असणार. व्यापाऱ्यांनी आपल्याला खोटं सांगून या देशात आणलं, आपल्या मुलखात खपेल असा माल इथे फारसा नाही, अशी चिडचिडही तो करतो. फोनवर ऐकलेली गाडी आणि बंदरात ऐकलेली बातमी यांत मला फार अंतर दिसत नाही.

दाग आणि चेहरा

घोड्याच्या बाजारात फसवणूक किती चाले, हे सरकारी नियमांवरून कळतं. दिल्लीच्या अलाउद्दीन खिलजीनं लष्करी घोड्यांना डाग देण्याची पद्धत सुरू केली. शेरशहानं ती पुन्हा आणली, अकबरानं पक्की केली. तिला ‘दाग’ म्हणत. त्याच्या जोडीला ‘चेहरा’, म्हणजे स्वाराचं लेखी वर्णन. याचं कारण साधं होतं. पाहणीच्या दिवशी सरदार उसना आणलेला उत्तम घोडा उभा करत, पगार त्याचा घेत, आणि दुसऱ्या दिवशी त्याजागी मरतुकडं तट्टू बांधत. अदलाबदल हाच मोठा घोटाळा होता. आजचा चेसिस नंबर आणि आरसी बुक हे त्या दागाचेच वारस. आरटीओतला माणूस खरवडून चेसिस नंबर वाचू लागला की मला अकबराचा बक्षी आठवतो.

‘आइन-ए-अकबरी’त घोड्याच्या जातीप्रमाणे स्वाराच्या पगाराचे दर दिलेत. इराकी घोडा असेल तर महिना तीस रुपये, तुर्की असेल तर वीस, आणि अगदी खालच्या ‘जंगला’ जातीचा असेल तर बारा. म्हणजे इराकी घोड्याच्या स्वाराला जास्त पगार मिळे, पण तो त्याच्या चैनीसाठी नव्हता. त्या घोड्याचा खुराक आणि सांभाळ तेवढा महाग होता, हे सरकारला ठाऊक होतं.

आपल्याकडे मराठी फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा सरकारचा मिळे. शिलेदार स्वतःच्या मालकीचा घोडा घेऊन चाकरीला येई. त्याचा मान मोठा, पण घोडा मेला की त्याची रोजीरोटीच अडचणीत. अब्बा आयुष्यभर बारगीर होते. मी घरातला पहिला शिलेदार. त्यामुळे माझा घोडा बसला तर मागे सरकारी पागा नाही, एवढं तरी मी लक्षात ठेवायला हवं होतं.

परांड्याचा धडा

आपल्या जिल्ह्यातला परांड्याचा किल्ला महमूद गवाननं बांधल्याचं सांगितलं जातं. हा गवान मूळ गिलानचा, व्यापारी म्हणून दाभोळला उतरलेला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झालेला. निकितीन त्याचा उल्लेख ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा मुख्य, या त्याच्या किताबानं करतो. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आरोपावरून सुलतानानं त्याला ठार मारलं आणि तिथून बहमनी राज्याची घसरण सुरू झाली.

१६०० मध्ये अहमदनगर मुघलांच्या हाती पडलं, तेव्हा निजामशाहीचा वारस घेऊन मलिक अंबर याच परांड्याला आला. काही काळ परांडा राजधानी होतं. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस. समोर मुघलांची फौज म्हणजे उंच घोडे, जड सामान, तोफा आणि लांबलचक रसद. अंबरनं त्यांच्यासारखी फौज उभी करण्याचा हट्ट धरला नाही. त्यानं दख्खनी आणि मराठा स्वारांना हाताशी धरलं. लहान घोडी, थोडं सामान, झटकन हल्ला आणि झटकन माघार. मुघलांची रसद तोडायची, रात्री झोपू द्यायचं नाही. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला त्यानं मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा पराभव केला. तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या तळाची वाट लावली. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूनं होते आणि त्यांचे बंधू शरीफजी इथेच कामी आले.

ही लढाई फक्त घोड्यांमुळे जिंकली असं कुणी म्हणू नये. पण भूगोल आणि घोडा यांची जोडी जमली होती, एवढं नक्की. बालाघाटाचे चढ, खडकाळ माळ, उन्हाळ्यात आटणारं पाणी. इथे कडब्यावर आणि माळावरच्या गवतावर तगणारं भीमथडीचं तट्टू चालतं. तूप-खिचडी मागणारा घोडा इथे सुंदर दिसतो, टिकत मात्र नाही. महाराष्ट्राच्या राज्यगीतात मान मिळाला तो या तट्टांनाच.

परांड्यानं दुसरं टोकही पाहिलं आहे. ‘मलिक-ए-मैदान’ ही अजस्र तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. सुमारे पंचावन्न टन वजन. ती परांड्याच्या किल्ल्यात होती, पुढे १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली आणि आजही तिथल्या बुरुजावर पर्यटक तिच्यासोबत फोटो काढतात. अशा मोठ्या वस्तूंचा इतिहासात दरारा असतो. पण त्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचं म्हणजे काय, हे ओढणाऱ्या बैलांना विचारावं.

निजामाची गाडी, निजामाची बस

मोटारींच्या काळात येऊ. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स रॉइसची एक खास गाडी मागवली होती. पिवळा रंग, आत सिंहासनासारखं उंच आसन. ऑगस्ट १९११ मध्ये ते वारले. गाडी आली ती त्यांच्यानंतर. मीर उस्मान अली खान यांच्या काळात ती एखाद्या समारंभापुरती बाहेर निघे. तिचं एकूण धावणं इतकं थोडं की आपल्याकडची वडाप जीप तेवढं आठवड्याभरात सहज करते. आता ती चौमहल्ला पॅलेसमध्ये आहे. आपण तिकीट काढून बघतो आणि सुभानअल्लाह म्हणतो.

याच उस्मान अलींच्या नावानं आमच्या शहराला उस्मानाबाद म्हणत. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे धाराशिव झालं. गाड्यांच्या पाटीवरचं एमएच-२५ तेवढं तसंच राहिलं. निजामाच्या राजवटीबद्दल आमच्या भागात दोन प्रकारच्या आठवणी आहेत. रझाकारांचा जुलूम सोसलेल्यांच्या आणि १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर घरदार गमावलेल्या मुसलमानांच्या. दोन्ही खऱ्या आहेत. पण वाहनांपुरतं बोलायचं तर एक गोष्ट कमी सांगितली जाते. जून १९३२ मध्ये निजाम राज्याच्या रेल्वेनं सरकारी बससेवा सुरू केली. सुरुवातीला सत्तावीस बसगाड्या आणि एकशे सहासष्ट कर्मचारी. खासगी मालकांच्या हाती असलेली रस्त्यावरची वाहतूक सरकारनं चालवण्याचा देशातला हा फार सुरुवातीचा प्रयोग. आजच्या तेलंगणा आणि आंध्रच्या एसटीचं मूळ तिथे आहे.

एकाच राज्याच्या दोन गाड्या. एक पाहायला, एक बसायला. फोटो पहिलीचे छापले जातात. लोकांना दवाखान्यात, कोर्टात, बाजाराला नेलं ते दुसरीनं.

ऐब

हे सगळं डोक्यात घेऊन घरी आलो, तरी मन कूपेकडेच ओढत होतं. एका शुक्रवारी अब्बा आणि अम्मीला घेऊन हैदराबादला गेलो. गाडी खरोखर देखणी होती. इंजिन चालू केलं तर आवाज कमी आणि थरार जास्त. अब्बा शेजारच्या सीटवर बसले. त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि काही बोलले नाहीत. ते बघून माझा निर्णय जवळजवळ झाला होता.

मग अम्मीची पाळी आली. पुढची सीट वाकवून, सरकवून मागे शिरायचं होतं. तिनं एक पाय आत टाकला, गुडघ्यानं साथ दिली नाही. ती हसत मागे सरकली. ‘‘मैं पिच्छे कैसी बैठूंगी रे? तुमे बाप-बेटे फिरो इसमें,’’ म्हणाली. मी म्हणालो, तू पुढे बसत जा. ते तसं सोपं होतं. पण मग अब्बा मागे शिरणार कसे?

चहाला बसलो तेव्हा अब्बांनी हळूच विचारलं, ‘‘अपनी गाडी का ऐब बताया क्या इनकू?’’

मी गप्प झालो. माझ्या लाल गाडीचा गिअरबॉक्स चढावर, गरम झाल्यावर, कधीकधी झटका देतो. आमच्या गॅरेजच्या उस्तादांनी सांगितलं होतं की अजून वर्षभर चालेल, पण काम मोठं निघणार. हे मी भावालाही सांगितलं नव्हतं. जुनी गाडी जुन्या गाडीच्या बदल्यात, त्यात सांगायचं काय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या पैगंबरांची ती हदीस मला लहानपणापासून माहीत आहे. दाग आणि चेहऱ्यावर मी व्याख्यानं देतो. आणि उसना घोडा उभा करणाऱ्या सरदारासारखा मी स्वतःच त्या दिवाणखान्यात बसलो होतो.

मी त्या गृहस्थांना गिअरबॉक्सचं सांगितलं. ते क्षणभर थांबले, मग हसले. आत जाऊन एक कागद घेऊन आले. कूपेच्या पुढच्या सस्पेन्शनचं काम काढायला लागणार होतं आणि इंजिनातून तेल गळत होतं. गॅरेजनं दिलेला तो अंदाजपत्रकाचा कागद होता. आकडा माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा. तेही म्हणाले, ‘‘मैं भी सोच रहा था, बोलूं के नई.’’

त्यात माझ्याकडचा खर्च वेगळाच. तेलंगणाची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, पंधरा वर्षं उलटलेली गाडी म्हणून पर्यावरण कर, दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. सुटे भाग पुण्या-हैदराबादहून मागवायचे. आणि गावोगावचे गतिरोधक, ज्यांच्यावर माझी उंच हॅचबॅकसुद्धा कधी घासते. आम्ही दोघं एकमेकांना गाडी देत नव्हतो, एकमेकांच्या गळ्यात खर्च बांधत होतो. कागद समोर आल्यावर हे दोघांनाही दिसलं. सौदा तिथेच मोडला, आणि मोडला तरी कुणाचं मन दुखलं नाही. दुपारी त्यांनी आम्हाला जेवू घातलं.

परतताना नळदुर्गला थांबलो. १६१३ मध्ये इब्राहीम आदिलशाह दुसऱ्यांच्या काळात बोरी नदीच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल दाखवायला मी अब्बांना नेलं. अम्मी गाडीतच बसून राहिली, मागचं दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून. अब्बा बराच वेळ बंधाऱ्याकडे बघत होते. मी विचारलं, वाईट वाटलं का? ते म्हणाले, ‘‘गाडी अच्छी थी.’’ एवढंच.

मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. हिशेब बरोबर निघाला म्हणून हौस मरत नाही. निकितीनलाही आपला घोडा विकताना वाईट वाटलंच असेल, फक्त त्यानं ते लिहून ठेवलं नाही.

पुढच्या महिन्यात गिअरबॉक्सचं काम करून घेतलं. खर्च झाला, पण चढावरचा झटका गेला. मंगळवारी सोलापूरला जायचं आहे. या वेळी अब्बांना पुढे बसवणार आहे.